अनोळखी माणसाला सुवार्ता सांगताना या चुका टाळा

सार्वजनिक ठिकाणी सुवार्ता, म्हणजे येशू ख्रिस्ताचा संदेश, सांगायला निघालेल्यांची पहिली चूक तोंड उघडण्याआधीच होऊन जाते, जागा निवडताना. संध्याकाळी सहाची लोकल घ्या. समोरचा माणूस दारापासून आत रेटला गेला आहे, बॅग पोटाशी धरली आहे, ठाण्यापर्यंत त्याला कूस बदलायलाही जागा नाही. त्याच्या हातात पत्रिका, म्हणजे सुवार्तेचा छापील कागद, दिली तर तो घेईल, मानही डोलवेल, कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. बोलणाऱ्याला वाटते, माणूस ऐकतो आहे.

म्हणून सुरुवात करण्यापूर्वी एवढेच पाहा: याला दोन पावले मागे सरकून निघून जाता येईल का? बागेतले बाकडे, चहाची टपरी, गाडी लागायला अर्धा तास असलेला एसटी स्टँड, आठवडी बाजाराची कड, इथे ते जमते. लांबच्या प्रवासात शेजाऱ्याशी बोलायला हरकत नाही, पण त्याने मोबाईल काढला किंवा डोळे मिटले की तिथेच थांबायचे. रुग्णालयाचा वॉर्ड, अंत्ययात्रा, शाळेचे फाटक, मंदिर-मशिदीचे आवार आणि वारीचा रस्ता पूर्णपणे टाळा. वारकऱ्याला पाणी द्यायचे असेल तर पाणी द्या, पेल्यासोबत पत्रिका नको. मदतीला पत्रिका चिकटली की मदतीचे आमिष होते, आणि पाहणाराही तेच म्हणतो. पालक सोबत नसतील तर मुलांना पत्रिका देऊ नका, गोळ्या-चॉकलेट तर मुळीच नको. दोघादोघांनी जावे, पण एकट्या बसलेल्या बाईजवळ दोन पुरुषांनी जाऊ नये. तिच्याशी बाईनेच बोलावे.

पहिले वाक्य

“आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाल?” हा प्रश्न परदेशी पुस्तिकांतून आपल्याकडे आला आणि पाठ झाला. मराठी माणूस घरातून निघताना “जातो” म्हणत नाही, “येतो” म्हणतो. त्याला, त्यातही वडीलधाऱ्याला, पहिल्याच वाक्यात मरणाचे विचारले की “शुभ बोल नाऱ्या” एवढेच त्याच्या मनात येते. पुढचे काही कानात शिरत नाही.

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी बाईकडे आधी पाणी मागतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात येशूचा अनुयायी फिलिप्प रथातल्या माणसाला आधी विचारतो, वाचतोस ते समजते का? दोघेही समोर आहे तिथून सुरू करतात. आपणही तसेच करावे: गाडी किती लेट आहे, यंदा कांद्याला काय भाव मिळाला. दोन-तीन मिनिटांनी सरळ परवानगी मागा. “काका, मी येशू ख्रिस्ताला मानतो. थोडं त्याच्याबद्दल बोललो तर चालेल का?” नाही म्हणाले तर “बरं काका” म्हणून पुन्हा कांद्यावर या. लगेच उठून गेलात तर आधीच्या गप्पा खोट्या ठरतात.

“आम्ही एक सर्व्हे करतोय” असे कधीही सांगू नका. ते खोटे आहे, आणि खोट्याच्या पायावर सत्य सांगता येत नाही.

उपासनेतली मराठी रस्त्यावर

ही चूक सर्वांत जास्त होते आणि करणाऱ्याला कळतही नाही, कारण लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तेच शब्द कानावर पडलेले असतात.

“तारण” घ्या. आपल्यासाठी ती पापातून सुटका. बँकेच्या दारावर “सोनेतारण कर्ज” अशी पाटी असते. बाजारातल्या माणसाला तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. “तुमचं तारण झालंय का?” याचा त्याला काही भलताच अर्थ लागतो. “नवा करार” (बायबलचा दुसरा भाग) म्हटले की भाडेकरार आठवतो. “साक्ष” कोर्टात देतात. “मंडळी” म्हणजे घरची माणसे, किंवा बायको. “नवा जन्म” तर ऐकणारा सरळ पुनर्जन्म म्हणून घेतो, आणि मग दोघेही मान डोलवत वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत राहतात. “मोक्ष” किंवा “मुक्ती” वापरून सुटका होत नाही. त्या शब्दांमागे जन्ममरणाचा फेरा उभा असतो, आणि तुम्हाला सांगायचे असते देवाशी तुटलेले नाते जुळण्याबद्दल. मग तेच सांगा: “बाप रुसलेल्या लेकराची वाट बघत होता, आणि तो स्वतः शोधायला आला.” “पापी” म्हटले की माणसाला गुन्हेगार ऐकू येते. त्याऐवजी, मनाला बोचते आणि आपल्या हाताने निस्तरत नाही असे काही प्रत्येकाजवळ असते, इथून सुरू करा. “कोकऱ्याच्या रक्ताने धुतलेले” हे वचन आपल्याला प्राणाहून प्रिय आहे, पण मागची कथा माहीत नसलेल्याला ते भयानक वाटते. आधी कथा, मग वचन.

सराव असा करा: आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, तीन मिनिटांत, हे सगळे शब्द गाळून, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मंडळीबाहेरच्या एखाद्या मित्राला ऐकवा. तो जिथे अडखळेल ते वाक्य बदला.

नेहमीचे प्रश्न

“किती पैसे मिळतात तुम्हाला?” हा प्रश्न येणारच. राग न धरता एका वाक्यात खरे उत्तर द्या. मंडळी मानधन देत असेल तर तेही सांगा. “नाव बदलावं लागतं का?” नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि ते शेवटपर्यंत नारायणच राहिले. “सगळे देव एकच ना?” इथे बहुतेकांचा तोल जातो. समोरच्याच्या देवाबद्दल, मूर्तीबद्दल, प्रसादाबद्दल एकही उणा शब्द काढायचा नाही. प्रसाद घेत नसाल तर हात जोडून नम्रपणे नाही म्हणा, कारणांचे प्रवचन नको. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पत्रात उत्तर “सौम्यतेने व भीडस्तपणाने” द्यायला सांगितले आहे. शिवाय धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोलणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ आणि ३०२ खाली गुन्हा आहे.

कायद्याचे आणखी थोडे. संविधानाच्या कलम २५ ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची सीमा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगता येतात, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. धर्मांतराचे कायदे राज्याराज्यांत वेगळे असतात आणि बदलतात, तेव्हा जिथे जाणार तिथला सध्याचा मजकूर वकिलाकडून समजून घ्या. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेले असू शकते. खरे तर एका माणसाशी बोलायला ध्वनिक्षेपक लागतच नाही.

पत्रिका

पाचशेचा गठ्ठा घेऊन चौकात उभे राहिलात की संध्याकाळी त्यातल्या कितीतरी गटारात आणि पायांखाली दिसतात, आणि त्यावर देवाचे नाव असते. वीस न्या. बोलणे झालेल्यालाच द्या, आणि हवी का ते विचारून. अक्षर मोठे हवे, चाळिशी लावणाऱ्यालाही वाचता येईल असे. छापखान्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता, शिवाय स्थानिक माणसाचा फोन हवा. दुसऱ्या धर्माची चित्रे नकोत. भिंतीवर किंवा खांबावर चिकटवू नका, महाराष्ट्रात १९९५ पासून विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे.

संपूर्ण पवित्र शास्त्र हातात दिले तर माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो आणि ‘लेवीय’ या नियमांच्या पुस्तकात थांबतो. फक्त मार्कचे शुभवर्तमान द्या, सोळा अध्याय, दीड-दोन तासांचे वाचन. किंवा नव्या करारात मत्तय ५ ते ७, म्हणजे येशूचे डोंगरावरचे प्रवचन, या पानांत कागदाची पट्टी ठेवा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला होता. ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन खिळले. देणाऱ्याने देऊन वाचायला सांगितले. पुढचे वाचन टिळकांनी स्वतः केले.

आजारी माणूस भेटला तर

प्रार्थना करू का, असे विचारा. हो म्हणाले तर तिथेच, हळू आवाजात, अर्ध्या मिनिटाची करा. डोक्यावर हात ठेवू नका. “बरे व्हालच” असे वचन देऊ नका, आणि “गोळ्या बंद करा” हे तर प्राणाशी खेळणे आहे. मधुमेहाच्या माणसाने इन्सुलिन सोडले तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे घेणे, किंवा साप-विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखणे, हे गुन्हे मानतो.

गर्दी जमली तर

कुणी आवाज चढवला, मोबाईल रोखला, तर तुमचा आवाज खाली आणा. पळू नका. पळणारा चोर वाटतो. हात दिसतील असे ठेवा, ज्याच्याशी बोलत होतात त्याला आधी जाऊ द्या, म्हणजे त्याला त्रास होणार नाही. एकानेच बोलावे: “तुमची हरकत असेल तर आम्ही निघतो.” आणि खरेच निघा. पोलिसांनी विचारले तर ओळखपत्र आणि पत्रिका दाखवा, नाव खरे सांगा. न वाचता कशावर सही करू नका. पाळकांचा आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाईल हातातून गेला तरी उपयोगी पडतो.

निरोप घेताना समोरच्याचा नंबर मागू नका, आपला द्या. त्याने फोन केला तर चहाच्या दुकानात भेटा, घरच्या कुणाला घेऊन आला तर जास्तच बरे, आणि मार्कचा पहिला अध्याय त्यालाच मोठ्याने वाचू द्या.