सर्व्हरचं पुस्तक विकत घेण्याआधी

भाच्याला लिनक्स सर्व्हर आणि नेटवर्कचं काम शिकायचंय. ठाण्यात राहतो, महापे-ऐरोलीकडे नोकरी शोधतोय. ‘मामा, पुस्तकं सांग,’ म्हणाला. पुस्तकांआधी बरंच काही जुळवावं लागतं, म्हणून ही यादी.

आधी मशीन. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. त्यात व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनच्या आत दुसरी आभासी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून दोन सर्व्हर बसवायचे, एक उबुंटू लिनक्सचा एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टवाला, आणि एक रॉकी किंवा अल्मा लिनक्सचा. दोन अशासाठी की नेटवर्क शिकायला पलीकडे कुणीतरी लागतं. व्हर्च्युअलबॉक्स मुळात नॅटवर असतो, म्हणजे प्रत्येक मशीन एकटंच बाहेरच्या नेटला जोडलेलं, आणि त्यात ही दोन मशीनं एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा दोघांना होस्ट-ओन्लीचं, म्हणजे फक्त लॅपटॉप आणि या मशीनांमधलं, दुसरं नेटवर्क कार्ड जोडून घ्यायचं. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सच्या नादी लागायचं नाही, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. क्लासवाले अजून शिकवत असतील तर शिकवोत.

मग पुस्तक हातात घेऊन आधी मागची सूची उघडायची. तिथे सिस्टिमसीटीएल (सर्व्हिसेस चालू-बंद करायची आजची कमांड) नसेल, नुसतं जुनं चेककॉन्फिग असेल, तर पुस्तक गुपचूप परत ठेवायचं. हे मला महागात पडलंय. स्टेशनजवळ स्वस्तात मिळालेलं एक जाडजूड पुस्तक मी चार महिने घोकलं होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, रात्री अडीचला, सीनियर म्हणाला, ‘ॲड्रेस बघ रे.’ मी ऐटीत इफकॉन्फिग मारलं. कमांड नॉट फाउंड. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून परत मारलं. त्याने काही न बोलता कीबोर्ड ओढला आणि ‘आयपी ए’ एवढंच टाइप केलं. मिनिमल इन्स्टॉलमध्ये जुनी नेट-टूल्स (इफकॉन्फिग ज्यात येतं तो संच) नसतात, हे माझ्या पुस्तकाला ठाऊकच नव्हतं.

प्रोटोकॉलच्या, म्हणजे मशीनं एकमेकांशी बोलायच्या नियमांच्या, पुस्तकांना मात्र हा नियम लावू नये. टीसीपीची, म्हणजे दोन मशीनांमधली, जोडणी आजही तशीच होते. स्टीव्हन्सचं ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’ १९९४ चं, पण पहिला खंड जुन्यात मिळाला तर बिनधास्त घ्यावा आणि शेजारी टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारी कमांड) चालू ठेवून वाचावा. आयपीव्ही६, म्हणजे आयपी ॲड्रेसची नवी पद्धत, तेवढी दुसरीकडून शिकावं लागेल.

आता नावं. सुरुवात शॉट्सच्या ‘द लिनक्स कमांड लाइन’पासून. त्याची पीडीएफ लेखकाने स्वतःच फुकट दिलीय, फोनवर घेतली की ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचता येते. त्यानंतर ब्रायन वॉर्डचं ‘हाऊ लिनक्स वर्क्स’, तिसरी आवृत्ती, २०२१ ची. मशीन चालू होताना आत काय काय घडतं ते यात नीट कळतं. तिसरं एव्ही नेमेथ आणि मंडळींचं ‘युनिक्स अँड लिनक्स सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन हँडबुक’. हजारावर पानं आहेत, गर्दीत उघडायची सोय नाही, आणि पहिल्या पानापासून वाचायचंही नाही. डीएनएस (नावावरून आयपी ॲड्रेस शोधणारी व्यवस्था) अडलं की डीएनएसचं प्रकरण. पाचवी आवृत्ती २०१७ ची आहे, आणि उबुंटूने नेटप्लॅन (नेटवर्क सेटिंगची पद्धत) आणलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, म्हणून ते त्यात शोधत बसू नये. (नेमेथबाई २०१३ मध्ये टास्मान समुद्रात नौकेसह बेपत्ता झाल्या, पण पुस्तकावर नाव अजून त्यांचंच पहिलं.)

मॅन पेजेसची, म्हणजे मशीनमध्येच असलेल्या कमांडच्या माहितीपानांची, सवय आत्ताच लावायची. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या परीक्षेत इंटरनेट मिळत नाही, पुस्तकही नाही. मॅन पेजेस मात्र असतात. ‘मॅन -के’ मारून शोधता आलं पाहिजे.

एक दोनशेपानी वही. डाव्या पानावर कमांड, उजव्या पानावर तिचं काम, आपल्या भाषेत. माझ्या वहीत ‘आयपी रूट’समोर लिहिलंय: ‘पॅकेट घराबाहेर कुठल्या दाराने पडतं.’ पुस्तकातली व्याख्या उतरवून काढली असती तर केव्हाच विसरलो असतो.

आणि फायरवॉलचं प्रकरण उघडायच्या आधी दोन्ही मशीनांचा स्नॅपशॉट, म्हणजे परत मागे जाता येईल अशी जतन केलेली स्थिती. भाच्याला हे सांगायचं राहिलं. त्याने एसएसएचला (दुरून लॉगिन करायची सोय) परवानगी न देताच फायरवॉल चालू केली, लॅपटॉप मिटला आणि झोपला. सकाळी फोन, ‘मामा, आत जाता येईना.’ म्हटलं, व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी उघड, तिथून लॉगिन कर आणि एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट उघड.