झिजलेली कानस की स्क्रेपर? जुनी हत्यारं अशी ओळखा

जुन्या पेटीत गंजलेली पोलादी पट्टी सापडली की बहुतेक जण तिला झिजलेली कानस समजून भंगारात देतात. त्यातल्या कित्येक पट्ट्या म्हणजे कुणा फिटरने मन लावून घडवलेले स्क्रेपर, म्हणजे धातू खरवडायची हत्यारं असतात. म्हणून आधी नीट पाहा.

सुरुवात सफाईने करा, पण ग्राइंडर अजिबात लावू नका. धार आणि बनवणाऱ्याचा शिक्का दोन्ही जातील. रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवा, मग पितळी ब्रशने घासा. शिक्का बहुधा मुठीजवळ असतो. त्यात ‘कास्ट स्टील’ वाचलंत तर ते बीड (ओतीव लोखंड) नव्हे. ते मुशीत वितळवलेलं पोलाद. ही रीत बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्डला बसवली.

आता दाते शोधा. एकाच दिशेच्या तिरप्या रेषा म्हणजे सिंगल कट कानस, एकमेकींना छेदणाऱ्या म्हणजे डबल कट. सुटे, टोकदार दाते असतील तर ती लाकूड घासायची कानस. एखादी कड गुळगुळीत दिसली तर ती झिजलीय असं समजू नका. कोपरा घासताना शेजारची भिंत खरवडली जाऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी ठेवतात.

अंगावर दाते नाहीत आणि धार मात्र आहे? मग तो स्क्रेपर. चपट्याची धार टोकाला असते, किंचित बाहेर फुगलेली, म्हणजे कोपरे रुतत नाहीत. तिकोन्याच्या तिन्ही कडा धारदार; बुश (भोकात बसवायची धातूची नळी) आणि भोकांच्या कडा साफ करायला तो लागतो. अर्धगोल स्क्रेपर बेअरिंगसाठी. पुष्कळ तिकोनी स्क्रेपर जुन्या कानशीचे दाते घासून बनवलेले असतात, त्यामुळे मुठीजवळ दात्यांच्या खुणा जरूर शोधा. कडा गोल आणि चकचकीत असतील तर ते कापण्याचं नव्हे, घोटण्याचं हत्यार.

या साध्या पट्टीचं मोल मोठं आहे. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये अचूक सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला, त्यात घासण्याऐवजी खरवडण्यावर भर होता. सरफेस प्लेटला, म्हणजे अचूक सपाट केलेल्या जाड पाटाला, निळा रंग लावून त्यावर काम टेकवायचं आणि रंग लागलेले उंचवटे तेवढेच खरवडायचे. हे काम आजही पुष्कळदा हातानेच होतं.

शेवटी मागचं टोक पाहा. निमुळतं असेल तर तिथे मूठ होती. ठोकून पसरलेलं डोकं असेल तर ती छिन्नी: रुंद तोंडाची तोडायला, अरुंद तोंडाची खाचा पाडायला.

ओळख पटेपर्यंत कशावरही हातोडा मारू नका. कानशीचं पोलाद कडक आणि ठिसूळ असतं. त्याचा तुकडा उडून थेट डोळ्यात जाऊ शकतो.