काजरा पिकतोय: बी, साल आणि टाळ यांबाबत सल्ला

पौष लागला की कोकणात आणि गोव्यात काजऱ्याची फळे नारिंगी होऊ लागतात आणि फाल्गुनापर्यंत झाडाखाली त्यांचा सडा पडतो. गडग्याच्या कडेला, देवराईत, काजूच्या बागेच्या टोकाला एखादे झाड असतेच. शास्त्रीय नाव स्ट्रिक्नॉस नक्स-व्होमिका. औषधवाले त्याच्या बीला कुचला म्हणतात. हा सल्ला झाड तोडा असे सांगण्यासाठी नाही. धनेशासारखे पक्षी याच फळांवर येतात, आणि उभे झाड कुणाला त्रास देत नाही. त्रास होतो तो बी फोडल्यावर, साल काढल्यावर किंवा टाळ (पानांसकट तोडलेल्या फांद्या) चाऱ्यात मिसळल्यावर.

फळ लहान संत्र्याएवढे, कवच टणक आणि गुळगुळीत. आत पांढरट, बुळबुळीत, कडू गर आणि त्यात चपट्या, गोल, करड्या बिया. बीचा व्यास साधारण 2 सेंटीमीटर. तिच्यावर कडेकडे वळलेली रेशमी लव असते. बोट फिरवले तर मखमलीच्या बटणासारखी लागते, आणि मुलांना खेळायला ती नेमकी याचमुळे आवडते. पक्षी फळ खातात म्हणून माणसालाही चालेल, हा हिशेब करू नये. धनेश गर खातो आणि मोठ्या बिया बऱ्याचदा अख्ख्याच ओकून टाकतो.

वाळलेल्या बीत 2 ते 3 टक्के अल्कलॉइड, म्हणजे कडू विषारी द्रव्ये असतात, त्यांत साधारण निम्मे स्ट्रिक्निन आणि उरलेले मुख्यतः ब्रुसीन. सालीत आणि पानांत ब्रुसीनचा भाग मोठा. स्ट्रिक्निन 1818 मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी वेगळे केले, तेही काजऱ्याच्या फिलिपिन्समधल्या भावंडाच्या बीतून. पदार्थ कमालीचा कडू आणि टिकाऊ. त्यामुळे घरी उकळून किंवा भाजून विष गेले असे समजू नका. आयुर्वेदात गोमूत्र, दूध, तूप यांनी कुचल्याचे शोधन (विष कमी करण्याची प्रक्रिया) सांगितले आहे, पण ते जाणकार वैद्याचे आणि परवानाधारक कारखान्याचे काम. जत्रेत किंवा बाजारात कुणी सांधेदुखीवर, ताकदीसाठी म्हणून काजऱ्याची पूड देत असेल तर घेऊ नका. ताकदीचा हा समज फक्त आपल्याकडचा नाही. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला धावता धावता स्ट्रिक्निन पाजले होते, आणि शेवटी त्याला धरून चालवावे लागले. आज ते खेळाडूंसाठी बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत आहे.

शरीरात नेमके काय होते ते समजले तर पुढची धावपळ नीट होते. आपल्या मज्जारज्जूत ग्लायसिन नावाचे द्रव्य स्नायूंना 'पुरे' असा इशारा देत असते. स्ट्रिक्निन ग्लायसिनची जागा अडवते. इशारा पोहोचत नाही, मग थोड्याशा स्पर्शाने, आवाजाने, उजेडाने सगळे स्नायू एकदम ताठतात. पाठ कमानीसारखी वाकते, जबडा आवळतो, आणि माणूस बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो. मृत्यू येतो तो छातीचे स्नायू आखडून श्वास थांबल्याने. धनुर्वातही हाच ग्लायसिनचा इशारा बिघडवतो, फक्त दुसऱ्या वाटेने, म्हणून दोन्ही सारखे दिसतात. धनुर्वात दिवसांच्या हिशेबाने वाढतो. काजऱ्याचे झटके साधारण 15 मिनिटे ते तासाभरात सुरू होतात आणि दोन झटक्यांच्या मध्ये अंग सैल पडते.

म्हणून कुणी बी चावली, पूड पोटात गेली किंवा सालीचा काढा प्यायला अशी शंका आली, तर झटक्याची वाट न पाहता लगेच 108 ला फोन करा. उलटी करवू नका. बोट घालताच झटका येऊ शकतो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. दूध, तूप, मिठाचे पाणी काही पाजू नका. खोलीत अंधार ठेवा, गर्दी हटवा, अंग चोळू नका. गाडीत सायरन आणि हॉर्न शक्यतो टाळायला सांगा. उरलेली बी किंवा सालीचा तुकडा सोबत न्या, डॉक्टरांचा वेळ वाचतो. याला उतारा असे औषध नाही. डायझेपामसारख्या औषधांनी झटके आवरतात, लागल्यास कृत्रिम श्वास देतात. पहिला दिवस निभावला तर रोगी बहुधा वाचतो. अख्खी बी गिळली तर कवचामुळे धोका कमी असतो, पण दवाखाना चुकवू नका. एका बीची पूड लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

साल ओळखण्यातली चूक सगळ्यात वाईट. कर्नाटकाच्या तुळुनाडूत, म्हणजे तुळू बोलणाऱ्या किनारपट्टीत, आटी (आषाढी) अमावास्येला पहाटे सातविणीच्या झाडाच्या सालीचा रस पितात. अंधारात चुकून काजऱ्याची साल आणल्याने तिथे विषबाधा झालेल्या आहेत. आपल्याकडेही जुलाबावर कुड्याची साल घेतात, तेव्हा एक खूण लक्षात ठेवा: सातवीण आणि कुडा या दोघांनाही पांढरा चीक येतो, काजऱ्याला येत नाही. सातविणीची पाने एका जागी पाच ते सात. काजऱ्याची पाने समोरासमोर दोन-दोन, तकतकीत, देठापासून तीन किंवा पाच ठळक शिरा निघालेली. दालचिनीच्या पानालाही तशाच तीन शिरा असतात, म्हणून रानातून तमालपत्र आणणाऱ्यांनी प्रत्येक डहाळीचे पान चुरगाळून वास घ्यावा. वास नाही, तर पान टाकून द्यावे. आणि उजेड नसताना कुठलीच औषधी साल काढू नये.

या दिवसांत राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (झाडांच्या डहाळ्या) तोडताना काजऱ्याचा टाळ वेगळा ठेवा. गोठ्याजवळ टाकू नका, शेळ्यांच्या पुढे तर नकोच. जनावर ताठून पडले, आवाजाने दचकत असेल तर त्याला अंधाऱ्या, शांत जागी राहू द्या, उठवायला मारझोड करू नका, आणि 1962 वर पशुवैद्यकाला बोलवा. रानडुकरासाठी विषाचे आमिष लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो सोडावा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये विष घालणे ही शिकारच धरली आहे, आणि आमिष आधी खाणार तुमचाच राखणीचा कुत्रा.

बी गोळा करून विकणाऱ्यांनी वन विभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. गर काढताना रबरी हातमोजे घाला. धुतलेले पाणी वहाळात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. वाळवण भाताच्या खळ्यावर नको, वेगळ्या ताडपत्रीवर, कोंबड्या-मुलांपासून लांब. घरच्या मिक्सरमध्ये, जात्यावर किंवा गावच्या गिरणीत बी दळू नका. दळणाची धूळ नाकातोंडात जाते आणि यंत्रात उरलेली पूड पुढच्या पिठात उतरते. माल अख्खाच विका. पोत्यावर ठळक 'विषारी' लिहा, ते मांगरात (शेतातल्या खोपटात) बियाण्याशेजारी न ठेवता कुलपात ठेवा, आणि माल गेल्यावर त्या पोत्यात पुन्हा भात भरू नका.