सहा महिन्यांनी उघडला तरी चालणारा साइड प्रोजेक्ट

साइड प्रोजेक्ट, म्हणजे फावल्या वेळात स्वतःसाठी केलेलं ॲप किंवा वेबसाइट, कोड अवघड गेल्यामुळे क्वचितच सुटतो. मध्ये दोन-तीन महिने खंड पडतो, परत बसावं तर तो आपल्याच लॅपटॉपवर चालू होत नाही आणि हाताशी असलेली संध्याकाळ सेटअप दुरुस्त करण्यात संपते. खंड पडणार हे गृहीत धरूनच सुरुवात करा.

पहिल्या दिवशी फीचरला हात लावू नका. एक साधं पान लिहून ते सर्व्हरवर चढवा. भाषेची नेमकी आवृत्ती आणि लॉक फाइल (वापरलेल्या लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात, टाका. रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये, तीन आज्ञा पुरेत: इन्स्टॉल, रन, डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणं). उठण्याआधी पुढचं काम एका ओळीत लिहून ठेवा. ‘लॉगिन पूर्ण करणे’ असं मोघम लिहून भागत नाही. ‘पासवर्ड रीसेटच्या लिंकची मुदत तपासायची राहिली’ असं लिहा.

पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या) ज्या फाइलमध्ये असतात, तिचं नाव पहिल्या कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या पहिल्या नोंदीच्या, आधीच गिटइग्नोर या वगळायच्या फाइलींच्या यादीत घाला. ती फाइल चुकून पुश झालीच, म्हणजे सर्व्हरवरच्या गिटमध्ये गेलीच, तर फाइल डिलीट करून उपयोग नाही, ती इतिहासात राहतेच. आधी ती की रद्द करून नवी घ्या, इतिहासाची साफसफाई नंतर.

डेटाबेस म्हणून बहुतेक छोट्या प्रोजेक्टना एसक्यूलाइट भरपूर होतं. वेगळा सर्व्हर सांभाळावा लागत नाही, हा एकट्या माणसाला फार मोठा दिलासा आहे. मात्र त्याच्या डीफॉल्ट सेटिंगवर विसंबू नका. एका वेळी एकच कनेक्शन लिहू शकतं आणि बिझी टाइमआउट (डेटाबेस मोकळा होण्याची वाट पाहण्याचा वेळ) मूळचा शून्य असतो, त्यामुळे दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की ‘डेटाबेस लॉक्ड’ ही एरर येऊ शकते. वॉल मोड (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू करा आणि टाइमआउट ५००० मिलिसेकंद ठेवा. फॉरेन की तपासणीही (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवते ना, हे पाहणं) सहसा बंदच असते. वॉल मोड फाइलमध्ये कायम राहतो. टाइमआउट आणि फॉरेन की मात्र प्रत्येक नव्या कनेक्शनवर पुन्हा लावाव्या लागतात. नेमकं हेच राहून जातं.

बॅकअपसाठी चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका. वॉल मोडमध्ये ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असू शकतात, मग कॉपी अर्धवट निघते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा किंवा ‘व्हॅक्यूम इनटू’ वापरा आणि प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवा. महिन्यातून एकदा ती उघडून टेबलांतल्या ओळी मोजा. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नये.

बॅकअप रोज आपोआप व्हावा म्हणून ही आज्ञा क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, दिली जाते. तीच आज्ञा टर्मिनलमध्ये चालते आणि क्रॉनमध्ये पडते, याची कारणं बहुधा दोन. क्रॉनचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) अगदी तोकडा असतो, म्हणून प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहा. दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही: क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या आज्ञांच्या फाइलमध्ये, टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालताना ते येतंच आणि आज्ञा तिथेच तुटते. त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, किंवा सगळं वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनमधून फक्त ती स्क्रिप्ट चालवा. दुसरा मार्ग जास्त चांगला. आउटपुट आणि एरर दोन्ही लॉग फाइलमध्ये वळवा.

एचटीटीपीएस प्रमाणपत्राचं नूतनीकरण आपोआप होत असेल, तरी त्यानंतर वेब सर्व्हर रीलोड होतो का तेवढं बघा. नवं प्रमाणपत्र डिस्कवर पडून असतं, सर्व्हर मात्र मेमरीतलं जुनंच दाखवत राहतो.