या चुका टाळा: जीवनसत्त्वं, धातू आणि ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’च्या तपासण्या

रिपोर्ट विचित्र आला की घरचे म्हणतात लॅब बोगस आहे, आणि डॉक्टर म्हणतात दुसरीकडून करून घ्या. लॅबही चुकतात, ते नाकारत नाही. पण बी१२, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), आर्सेनिक, झिंक असल्या तपासण्यांमधले बहुतेक घोटाळे सॅम्पल मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच झालेले असतात. काल काय खाल्लं, आज सकाळी कोणती गोळी घेतली, रक्त कोणत्या झाकणाच्या नळीत घेतलं आणि ते किती वेळ टेबलावर पडून राहिलं, यावर आकडा ठरतो. हे प्रश्न काउंटरवर कुणी विचारत नाही. बारकोड चिकटवायची घाई असते. मी वर्षानुवर्षं त्याच चुका पाहतो आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी गोळ्या, मग बी१२ची तपासणी

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक हीच. पायाला मुंग्या येतात, मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप देतो. फरक पडत नाही म्हणून कुणीतरी मिथाइलकोबालामिनचं, म्हणजे बी१२चंच, इंजेक्शन टोचतं. मग आठवड्याने कुणाला तरी सुचतं, ‘एकदा बी१२ बघून घेऊ.’ रिपोर्ट येतो दोन हजारांच्या वर, म्हणजे मशीनच्या मोजपट्टीबाहेर. पेशंट घरी जाऊन सांगतो, माझं बी१२ भरपूर आहे, आणि गोळ्या बंद करतो. मुळात कमतरता होती का, किती होती, कशामुळे होती, हे कळायची वेळ निघून गेलेली असते.

माझी सवय साधी आहे: आधी रक्त, मग इंजेक्शन. पेशंट खुर्चीत बसलेलाच असतो, नळी भरायला दोन मिनिटं लागतात. नसांची लक्षणं असतील तर उपचार रिपोर्टसाठी थांबवू नयेत, हे खरंच आहे. पण सॅम्पल काढून ठेवायला काय हरकत आहे? ‘आधी सुरू करून टाकू, मग बघू’ हा शॉर्टकट मला कधीच पटलेला नाही.

हा प्रश्न आपल्याकडे किरकोळ नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. तीनातल्या दोघांचं बी१२ लिटरला १५० पिकोमोलच्या खाली होतं. आपल्या रिपोर्टवर दिसतं त्या मापात हे साधारण मिलिलिटरला २०० पिकोग्रॅम. म्हणजे ‘माझं कशाला कमी असेल’ असं गृहीत धरण्यात अर्थ नाही.

हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी१२ तपासायची गरज नाही, हेही डोक्यातून काढा. नसांना त्रास सुरू होतो तेव्हा हिमोग्लोबिन अगदी तेरा-चौदाही असू शकतं. दुसरी फसगत एमसीव्हीची, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराची. बी१२ कमी असेल तर तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. आपल्या बायकांमध्ये दोन्ही एकत्र कमी असणं नवलाचं नाही. मग सरासरी आकार बरोबर नॉर्मलमध्ये येऊन बसतो आणि रिपोर्ट वाचणारा निश्चिंत होतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, बघा. पेशी लहानमोठ्या असल्याने तो वाढलेला सापडतो. आणि नुसतं फॉलिक ॲसिड देऊन रक्त सुधारत बसू नका. रक्त सुधारतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

आकडा २०० ते ३००च्या मध्ये अडकला तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (पेशींना बी१२ कमी पडलं की ही दोन्ही रक्तात वाढतात) मदतीला येतं. कारण रक्तातलं बरंचसं बी१२ ज्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, त्याच्यातून ते बहुतेक पेशींना मिळतच नाही, आणि साधी तपासणी सगळंच एकत्र मोजते. पण होमोसिस्टीनचं सॅम्पल बर्फात ठेवायचं असतं आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा द्रव, वेगळा करायचा असतो. तांबड्या पेशी नळीतसुद्धा होमोसिस्टीन सोडत राहतात. खोलीच्या तापमानाला आकडा तासाला दहा टक्क्यांच्या आसपास चढतो. घरून घेतलेलं सॅम्पल मुलाच्या स्कूटरच्या डिकीत दुपारपर्यंत फिरलं, तर जो आकडा येईल त्यावर, होमोसिस्टीन वाढलं म्हणून, हृदयरोगाची भीती घालू नये.

मासे खाऊन आर्सेनिक

देवगडकडचे एक काका पुण्याला मुलाकडे आले होते. तळपाय बधिर व्हायचे. कुणीतरी सुचवलं म्हणून मुलाने ‘हेवी मेटल’ पॅकेज करून घेतलं. लघवीतलं एकूण आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी पट आलं. मग घरात जे व्हायचं तेच झालं. गावातल्या विहिरीचं पाणी बंद, सुनेने तांदूळ बदलला, आणि इंटरनेटवर वाचून मुलगा शरीरातला धातू बाहेर काढणाऱ्या औषधांपर्यंत पोहोचला. रिपोर्ट घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा काका बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना आत बोलावलं.

“काका, लघवी दिलीत त्याच्या आदल्या दोन दिवसांत जेवणात काय होतं?”

“काय असणार? गावातून येताना कोळंबी आणली होती. आणि सुरमई. पुण्यात कुठे मिळते तशी.”

कोळंबी, खेकडे, समुद्रातले मासे यांच्यात आर्सेनोबीटेन नावाचं संयुग असतं. शरीर ते वापरत नाही, साठवतही नाही, जसंच्या तसं लघवीवाटे टाकून देतं. विषारी असतं ते अकार्बनी आर्सेनिक. गंगेच्या खोऱ्यात, पश्चिम बंगाल आणि बिहारमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातून लोकांच्या शरीरात जातं ते हे. ‘टोटल आर्सेनिक’ची तपासणी या दोघांत फरक करत नाही. काकांना पाच दिवस मासळी बंद करायला सांगितलं. ते फार नाराज झाले, पण त्यांनी पाळलं. दुसऱ्या सॅम्पलमध्ये आर्सेनिक नॉर्मल होतं.

पायांचं कारण वेगळंच निघालं. काकांना मधुमेह होता आणि मेटफॉर्मिनची गोळी कित्येक वर्षं चालू होती. त्या गोळीने बी१२ आतड्यातून नीट शोषलं जात नाही, त्यामुळे रोज मासे खाणाऱ्या माणसाचंसुद्धा बी१२ उतरू शकतं. त्यांचं उतरलेलं होतं. सुदैवाने तोवर कुणी इंजेक्शन टोचलं नव्हतं. एक साधा प्रश्न विचारायचा सोडून हजारो रुपयांचं पॅकेज आधी केलं, याचा मला खरंच राग येतो.

म्हणून आर्सेनिक तपासायचं असेल तर आधी पाच दिवस समुद्रातलं काहीही खाऊ नका, सुकटसुद्धा नाही. तेवढा धीर नसेल तर आर्सेनिकचे प्रकार वेगळे मोजणारी ‘स्पेसिएशन’ तपासणी मागा.

धातूंच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. आधी डीएमएसएसारखं धातू ओढणारं औषध देऊन मग लघवी तपासायची आणि तो आकडा औषध न घेतलेल्या माणसांच्या रेंजशी ताडून पाहायचा, हा प्रकार करू नका. निरोगी माणसाचाही आकडा त्यात वाढतोच. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने याला स्पष्ट विरोध केलेला आहे. आणि केसांवरून खनिजं तपासणाऱ्यांनी २००१ सालचा एक प्रयोग लक्षात ठेवावा: एकाच निरोगी व्यक्तीचे केस अमेरिकेतल्या सहा लॅबना पाठवले, तर निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत.

शिसं सिरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) तपासायला पाठवू नका. रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे न गोठलेलं पूर्ण रक्तच हवं. मुलाच्या बोटातून थेंब घेणार असाल तर आधी हात साबणाने धुवा. बोटावरची धूळही आकडा वाढवते.

तापात काढलेलं फेरिटिन

फेरिटिन हा लोहाच्या साठ्याचा चांगला निदर्शक आहे, पण शरीरात कुठेही दाह असला की तो वाढतो. ताप, हिरड्यांचा पू, संधिवात, काहीही चालतं. हिमोग्लोबिन नऊ, फेरिटिन साठ, आणि चिठ्ठीवर ‘लोह पुरेसे’ असा शेरा मी पाहिलेला आहे. त्या बाईंना आदल्या आठवड्यात न्यूमोनिया झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निरोगी प्रौढांत लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली फेरिटिन असेल तर लोह कमी धरतात. पण संसर्ग किंवा दाह असेल तर हीच सीमा ७० धरायची. म्हणजे त्यांचं साठ हे कमीच होतं. फेरिटिनबरोबर सीआरपी ही दाहाची तपासणी करणं ही माझी सवय आहे, आणि ताप असेल तर तीन-चार आठवडे थांबणं. नुसत्या ‘सिरम आयर्न’वर विसंबू नका. ते दिवसभरात वरखाली होतं, आणि सकाळी लोहाची गोळी घेऊन आलात तर छान भरलेलं दिसतं.

थोडक्यात सांगण्यासारख्या

जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतू नका. जांभळ्या नळीतलं ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक पकडून ठेवतं आणि त्यातलं पोटॅशियम आकड्यात मिसळतं. कॅल्शियम तळाला आणि पोटॅशियम आकाशाला असा रिपोर्ट दिसला की आधी नळीची चौकशी करा, आयसीयूची नंतर.

झिंकसाठी सूक्ष्मधातूंची खास, गडद निळ्या झाकणाची नळी वापरा, सकाळी उपाशीपोटी. रबराच्या बुचातूनही झिंक उतरतं.

मॅग्नेशियम रक्तात शरीराच्या एक टक्क्याहूनही कमी असतं. नॉर्मल आकड्यावर फार भरवसा ठेवू नये.

व्हिटॅमिन डीसाठी २५-हायड्रॉक्सी मागा. १,२५ हे महागडं रूप कमतरतेतही नॉर्मल किंवा वाढलेलं दिसू शकतं. आणि आठवड्याचं ६०,००० युनिटचं सॅशे रोज घेणाऱ्यांनो, कॅल्शियम तपासून घ्या, आजच.

केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या तपासणीआधी तीन दिवस बंद ठेवा. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम, गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम. काही मशीनच्या रसायनांत बायोटिनच वापरलेलं असतं, तिथे व्हिटॅमिन डी आणि बी१२ खोटं वाढतं, फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटं कमी दिसतं. हृदयविकारासाठीचं ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७मध्ये दिला होता.

‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चा गुणांक

ऑक्सिडेशनमुळे पेशींवर पडणारा ताण मोजल्याचं सांगणारा हा गुणांक सध्या फार विकला जातो. ‘टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी’ (रक्ताची ऑक्सिडेशन रोखण्याची क्षमता) चांगली आली म्हणून आनंद मानण्याआधी युरिक ॲसिड पाहा. फ्रॅपसारख्या पद्धतीत त्या आकड्यात सगळ्यात मोठा वाटा युरिक ॲसिडचा असतो. युरिक ॲसिड वाढलेला गाऊटचा पेशंट यात पहिला येईल. एमडीए, म्हणजे चरबीच्या ऑक्सिडेशनमधून तयार होणारा पदार्थ, मोजण्याची जुनी टीबार्स पद्धत साखर आणि बिलिरुबिनशीही रंग देते, आणि सॅम्पल पडून राहिलं तर नळीतच ऑक्सिडेशन चालू राहतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजलेले एफ२-आयसोप्रोस्टेन (हेही चरबीच्या ऑक्सिडेशनमधून तयार होतात) जास्त भरवशाचे आहेत, पण ते संशोधनासाठी. एका माणसाच्या एका आकड्यावरून पूरक गोळ्यांचा कोर्स ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जी६पीडी या, तांबड्या पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणाऱ्या एन्झाइमची तपासणी मात्र खरोखर उपयोगी आहे, आणि तिथेही घाई नडते. रक्तपेशी फुटण्याचा झटका चालू असताना रक्तात नव्या पेशी जास्त असतात आणि त्यांच्यात हे एन्झाइम भरपूर असतं. तेव्हा आलेला नॉर्मल रिपोर्ट मानू नका, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा.

फवारणीनंतर पहिल्यांदाच कोलिनएस्टरेज

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे जीव गेले. तेव्हापासून कोलिनएस्टरेज (नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम, काही कीटकनाशकं ते दाबतात) हे नाव अनेकांना माहीत झालं, पण तपासणी अजूनही त्रास झाल्यावरच होते. या एन्झाइमची नॉर्मल रेंज फार रुंद आहे. एखाद्याची पातळी मुळात वरच्या टोकाला असेल, तर ती जवळजवळ निम्म्यावर येऊनही रिपोर्टवर ‘नॉर्मल’च छापलं जातं. कॅलिफोर्नियात अशी कीटकनाशकं हाताळणाऱ्या कामगारांची आधीची पातळी नोंदवून ठेवतात. तांबड्या पेशींतलं एन्झाइम त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांपर्यंत उतरलं, की त्यांना फवारणीच्या कामापासून दूर ठेवतात.

माणसाला घाम सुटला असेल, तोंडातून लाळ गळत असेल, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील तर रिपोर्टची वाट बघू नका. त्याला तडक दवाखान्यात न्या, ॲट्रोपिन हे विषावरचं औषध लक्षणांवरून सुरू होतं. पण धडधाकट असताना, पहिल्या फवारणीच्या आधी, जूनमध्ये एकदा रक्त देऊन ठेवा. त्या कागदावर लॅबचं नाव, तपासणी प्लाझ्मातली की तांबड्या पेशींतली, आणि मोजण्याची पद्धत लिहून घ्या. पुढचं सॅम्पल त्याच लॅबला द्या, कारण वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.