'गेट' शिकायचं तर आधी 'लागणं' बघा

परभणीत मोंढ्याजवळ एका वरच्या खोलीत मी संध्याकाळी सहा ते आठ इंग्रजी बोलायला शिकवतो. नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला एकच क्रियापद देतो, 'गेट'. शब्दकोशात बघाल तर घाबराल: मिळणे, होणे, पोचणे, आणणे, समजणे, ओळ काही संपत नाही. म्हणून शब्दकोश मिटा आणि आपलं 'लागणं' आठवा. भूक लागली, नोकरी लागली, ठेच लागली, डोळा लागला, एसटी फलाटाला लागली, आणि तीच एसटी घाटात कुणाला तरी लागली. लग्नसुद्धा लागतंच. एका शब्दाला इतकी कामं लावणाऱ्या माणसानं 'गेट'ला भ्यायचं कारण नाही.

हा शब्द इंग्लंडवर स्वाऱ्या करणाऱ्या व्हायकिंगांच्या बोलीतून इंग्रजीत आला. तिथं त्याचा अर्थ मिळवणं, गाठणं, म्हणजे आपल्या भाषेत हाताला लागणं. उच्चार करताना रेल्वेच्या फाटकाचं 'गेट' डोक्यातून काढा. त्यातला 'गे' लांब, याचा आखूड आणि झटक्यात.

आता एकच कसोटी धरा: आधी नव्हतं, आता झालं. असा बदल असेल तिथं 'गेट' चालतं. 'आय ॲम मॅरीड' म्हणजे मी लग्न झालेला माणूस आहे, ही स्थिती झाली. 'आय गॉट मॅरीड' म्हणजे लग्न लागलं, अक्षता पडल्या. नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव जोडायचं तर मधे 'विथ' घालू नका, 'टू' घाला. आपल्या 'च्याशी'मुळं ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो.

एकदा क्लास चालू असताना लाईट गेली. खिडकीबाहेर दिवस मावळत होता. मी म्हणालो, जे दिसायलंय ते इंग्रजीत सांगा. मोंढ्यात हमाली करणाऱ्याचं एक पोरगं उठलं आणि खर्जातल्या आवाजात म्हणालं, 'डार्कनेस इज कमिंग.' पिक्चरमधला खलनायकच आला म्हणून पोरं बाकावर आडवी झाली. मी विचारलं, घरी काय म्हणतोस? म्हणालं, 'अंधार व्हायलाय.' मग झालं की! 'इट्स गेटिंग डार्क.' पुण्याकडं 'होतोय' म्हणतात, आपण 'व्हायलाय' म्हणतो, आणि इंग्रजीत त्या जागी 'गेटिंग' येतं. उशीर व्हायलाय, 'इट्स गेटिंग लेट.' थंडी वाढायली, 'इट्स गेटिंग कोल्ड.' आबा थकायलेत, 'ही इज गेटिंग ओल्ड.' परभणीच्या डिसेंबरात थंडीचं वाक्य दिवसातून दहा वेळा वापरायला मिळतं.

एक अडचण मात्र आहे. आपण म्हणतो 'मला भूक लागली'. आपल्याकडं लागणारी भूक असते आणि आपण नुसते 'मला' म्हणून बाजूला बसतो. इंग्रजीत माणसालाच पुढं यावं लागतं: 'आय ॲम गेटिंग हंग्री.' मला राग यायलाय, 'आय ॲम गेटिंग अँग्री.' 'मला' ऐकू आलं की तोंडातून 'आय' निघालं पाहिजे, इंग्रजीतलं 'मी' नाही; त्या 'मी'चा अर्थ 'मला'. त्या इंग्रजी 'मी'नं सुरू केलेलं वाक्य पुढं सावरत नाही.

मिळण्याचा अर्थ सगळ्यात सोपा, त्यावर मी वेळ घालवत नाही. 'इंडिया गॉट फ्रीडम इन 1947. वी गॉट इट ऑन 17 सप्टेंबर 1948.' आपल्याकडच्या पोरांना मराठवाडा मुक्तीची तारीख पाठच असते, वाक्यही तिच्या मागं पाठ होतं. लातूरकडचं कुणी असेल तर 'इन 2016 लातूर गॉट वॉटर बाय ट्रेन', म्हणजे मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे.

खरी गंमत 'करून घेण्यात' आहे. आपण सरळ म्हणतो, 'मी कटिंग केली.' तेच शब्दाला शब्द ठेवून 'आय कट माय हेअर' म्हणालात तर समोरचा समजेल, तुम्ही आरशासमोर कात्री घेऊन बसला होता. 'आय गॉट माय हेअर कट' म्हणा. बोअरची मोटार जळाली, परभणीला आणून भरून घेतली: 'आय गॉट द मोटर रिपेअर्ड.' क्रम ध्यानात ठेवा: आधी 'गॉट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. वस्तूच्या जागी माणूस आला तर पुढं 'टू' लागतो: 'आय गॉट माय ब्रदर टू कम', भावाला यायला लावलं. बघा, 'लागणं'चं 'लावणं' झालं तरी 'गेट' तिथंच उभं. फक्त हे लावणं गोडीगुलाबीचं. दटावून लावलं असेल तर 'मेक', आणि त्याला 'टू' नको.

गाडीचं सोपं आहे. जिच्यात उभं राहता येतं, चालता येतं, ती बस आणि रेल्वे: 'गेट ऑन', 'गेट ऑफ'. जिच्यात वाकून शिरावं लागतं, ती कार आणि रिक्षा: 'गेट इन', 'गेट आऊट'. मोटरसायकलवर आपण वर बसतो, म्हणून तिलाही 'ऑन'. 'गेट डाऊन फ्रॉम द बस' आपल्या देशात सगळे म्हणतात, कंडक्टरपासून प्राचार्यापर्यंत. परदेशी माणूस ते ऐकून थबकेल, म्हणून फोनवरच्या नोकरीला जाणाऱ्यांनी सोडावं. अमेरिकेशी बोलायचं असेल तर तिसऱ्या रूपाला 'गॉटन'ही कानावर पडेल. इंग्लंडमध्ये ते रूप मागं पडलंय, 'फरगॉटन'सारख्या शब्दांत तेवढं टिकून आहे. अर्जात, सरकारी पत्रात मात्र 'गेट' नको. तिथं मिळण्याच्या अर्थानं 'रिसीव्ह' लिहा.

समजण्याच्या 'गेट'नं माझी एकदा पंचाईत केली होती. ऐन पंचविशीतली गोष्ट, एका ऑफिसात मुलाखत. साहेबांनी कामाच्या वेळा सांगितल्या, तेवढ्यात शिपायानं सगळ्यांपुढं चहा ठेवला, माझा राहिला. साहेब म्हणाले, 'डिड यू गेट इट?' मी नम्रपणे म्हणालो, 'नो सर, बट इट इज ओके.' त्यांनी कामाच्या वेळा पुन्हा पहिल्यापासून सांगितल्या. चहा शेवटपर्यंत आला नाही, नोकरीही नाही. तेव्हा कुणी असं विचारलं तर आधी बघा, समोर वस्तू आहे की बोलणं. बोलणं असेल तर 'कळलं का?' एवढंच त्यांना विचारायचं असतं.

सरावासाठी वही नको. आठ दिवस घरात जे जे 'लागलं', 'व्हायलंय', 'करून घेतलं' ऐकू येईल, ते मनातल्या मनात 'गेट'नं म्हणून बघा. दार लागलं, अशी काही लागणी 'गेट'मध्ये बसणार नाहीत. दार 'गेट' होत नाही, ते 'शट' होतं. ती चाळणी लावता लावताच कान तयार होतो.

ते अंधारवालं पोरगं गेल्या महिन्यात पुण्याला मुलाखतीला गेलं. दुपारी मोबाईलवर तीन ओळी आल्या: 'सर, गॉट डाऊन ॲट शिवाजीनगर. गॉट लॉस्ट. गेटिंग हंग्री.' 'डाऊन'चं सांगायला मी लगेच फोन लावला. त्यानं उचलला आणि म्हणालं, 'सर, आधी रस्ता सांगा.'