एसी-फ्रिजचं काम शिकायचंय? मग असं शिका

दहावी झाली असेल तर भाऊ, आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड घ्या. दोन वर्षांचा आहे. पुढे अप्रेंटिसशिप. नुसतं दुकानात राहून शिकलेल्यांना गॅस भरता येतो, पण वायरिंगचा डायग्राम समोर आला की घाम फुटतो.

हात बसवायचा तो फ्लेअरिंगवर, म्हणजे जोडण्यासाठी पाइपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवण्यावर. तांब्याचा पाइप कटरनेच कापा, हॅक्सॉने नाही. पाइपचं तोंड खाली धरून रीमर (आतली कड घासायचं हत्यार) फिरवा, म्हणजे कीस आत जात नाही. नट आधी ओवा (पोरं हमखास इथंच विसरतात), मग फ्लेअर करा. जोडल्यावर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, नंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. व्हॅक्यूम गेजचा आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली गेल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडू नका. आर-३२ (एसीतला गॅस) पेट घेतो, टॉर्च लांब ठेवा.

जळगावात पारा ४५ ला टेकला की फोन थांबत नाही. पावसाळ्यात काय? रावेर-सावद्याकडची केळीची रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्या, बघा. केळी पिकवायला साधारण १६ ते १८ अंश लागतात. १३ च्या खाली गेलं की साल काळवंडते आणि व्यापारी शोधत येतो. तिथं एक हंगाम हेल्परकी करा, सेन्सरचं काम आपोआप हाताखालून जातं.